हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेत सर्वांत जास्त हाताळले जाणारे आम्ल कोणते, असे विचारले तर बहुतेक जण हायड्रोक्लोरिक आम्लाचेच नाव घेतील. तरीही ‘या बाटलीतले आम्ल नेमके किती संहत आहे, म्हणजे त्यात पाण्याच्या मानाने आम्ल किती आहे?’ हा साधा प्रश्न आला की विद्यार्थी, प्रयोगशाळा साहाय्यक आणि लहान कारखान्यांतील पर्यवेक्षक तिघेही सारखेच अडखळतात. कारण त्याचे उत्तर टक्के, मोलर, नॉर्मल, बॉमे, ट्वॅडल, सामू (पीएच) अशा अनेक मापांत दिले जाते आणि एका मापातून दुसऱ्यात जाण्याची वाट फारशी कोणी दाखवत नाही. पुढील प्रश्न गेली अनेक वर्षे माझ्यापुढे वारंवार आलेले आहेत.

बाटलीवर ‘३५ टक्के’ असे छापलेले असते. हे टक्के कशाचे?

वजनाचे. १०० ग्रॅम द्रावणात ३५ ग्रॅम हायड्रोजन क्लोराईड आणि ६५ ग्रॅम पाणी आहे, असा त्याचा अर्थ. १०० मिलिलिटर द्रावणात ३५ ग्रॅम, असा त्याचा अर्थ नाही, आणि या विषयातल्या निम्म्याहून अधिक चुका याच ठिकाणी सुरू होतात असा माझा अनुभव आहे.

हायड्रोजन क्लोराईड हा मुळात वायू आहे; तो उणे ८५ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे बाटलीत दिसणारा द्रव हे ‘शुद्ध आम्ल’ नसून पाण्यात विरघळलेला वायू आहे, आणि त्या द्रवाचा मोठा भाग पाणीच आहे. लेबलवर टक्क्यांच्या जवळपास आणखी एक ओळ असते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते : ‘१ मिलिलिटरचे वजन सुमारे १.१८ ग्रॅम’. ही घनता आहे. टक्के वजनात सांगितलेले असतात आणि आपण मात्र आम्ल मोजपात्राने, म्हणजे आकारमानाने मोजून घेतो. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे ही ओळ.

मग त्या आम्लाची मोलॅरिटी कशी काढायची?

मोलॅरिटी म्हणजे एका लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल आहेत ती संख्या; मोल हे रेणूंची ठरावीक संख्या मोजण्याचे एकक आहे. एक लिटर आम्ल डोळ्यांसमोर आणावे. १.१८ घनतेने त्याचे वजन १,१८० ग्रॅम होईल. त्याचे ३५ टक्के म्हणजे ४१३ ग्रॅम हायड्रोजन क्लोराईड. एका मोलचे वजन ३६.४६ ग्रॅम असल्याने ४१३ ला ३६.४६ ने भागावे. उत्तर सुमारे ११.३ येते. म्हणजे हे आम्ल ११.३ मोलर आहे.

आता घनता विसरली तर काय होते ते पाहा. लिटरमध्ये ३५० ग्रॅम असे धरले की उत्तर ९.६ येते. मी प्रयोगशाळेत नवा असताना नेमके हेच धरून ०.१ नॉर्मल (या आम्लापुरते ०.१ मोलरच) द्रावणासाठी १०.४ मिलिलिटर आम्ल घेतले होते. अनुमापनात, म्हणजे ठाऊक प्रमाणाच्या पदार्थाशी मोजून तुलना केल्यावर, ते द्रावण जवळजवळ ०.११८ नॉर्मल निघाले. मी ब्युरेट (द्रव थेंबाथेंबाने सोडणारी मोजनळी) पुन्हा धुतली, सोडियम कार्बोनेटचे वजन पुन्हा केले, दर्शक (रंग बदलून अनुमापनाचा शेवट दाखवणारा पदार्थ) बदलून पाहिला. संध्याकाळपर्यंत उत्तर तेच. तराजूत आणि काचसामानात काहीही दोष नव्हता, चूक कागदावरच्या पहिल्या ओळीत होती. अठरा टक्क्यांचा तो फरक आणि १.१८ ही घनता या दोन आकड्यांचे नाते लक्षात आल्यापासून मी कोणतेही लेबल घनतेपासून वाचायला सुरुवात करतो.

एका पुस्तकात संहत आम्ल १२ नॉर्मल दिलेले असते, दुसऱ्यात ११.३. खरे कोणते?

दोन्ही खरी आहेत, कारण दोन्हीकडची आम्ले वेगळी आहेत. ३७ टक्क्यांच्या आम्लाची २० अंश सेल्सिअसला घनता १.१८४ च्या आसपास असते; त्याच रीतीने गणित केले की लिटरमध्ये ४३८ ग्रॅम, म्हणजे १२.० मोलर हे उत्तर मिळते. परदेशी पुस्तकांत बहुधा ३७ टक्क्यांचे आम्ल गृहीत असते. आपल्याकडील प्रयोगशाळांत ३५ टक्क्यांच्या बाटल्याही भरपूर असतात. औद्योगिक प्रतीचे आम्ल पुष्कळदा ३० ते ३३ टक्के असते. ३० टक्क्यांचे आम्ल सुमारे ९.५ मोलर भरते. म्हणून पुस्तकातील ‘८.३ मिलिलिटर घ्या’ ही सूचना आपल्या बाटलीला लागू पडतेच असे नाही. आकडा पुस्तकातून नव्हे, आपल्या हातातील बाटलीच्या लेबलवरून काढावा.

मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी यांत फरक काय?

या आम्लापुरता काहीच नाही. मोलॅरिटी लिटरमधील आम्लाचे मोल मोजते, नॉर्मॅलिटी त्यापासून मिळू शकणाऱ्या हायड्रोजन आयनांचे. एका रेणूपासून एकच हायड्रोजन आयन मिळत असल्याने १ मोलर म्हणजेच १ नॉर्मल. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत मात्र १ मोलर म्हणजे २ नॉर्मल होते, म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लाची सवय तिकडे नेऊ नये.

‘तीव्र आम्ल’ आणि ‘संहत आम्ल’ एकच ना?

नाही, आणि मराठीत या दोन शब्दांची इतकी स्वच्छ विभागणी उपलब्ध असताना ती पाळली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. संहत आणि विरल हे शब्द पाण्याच्या मानाने आम्ल किती आहे ते सांगतात. तीव्र आणि सौम्य हे शब्द त्या आम्लाचा स्वभाव सांगतात : पाण्यात गेल्यावर त्याचे रेणू किती प्रमाणात आयनांत फुटतात, हे. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात जवळजवळ पूर्णपणे फुटते, म्हणून त्याचे ०.०१ मोलर द्रावणसुद्धा तीव्र आम्लच असते. फक्त ते अतिशय विरल असते. उलट ग्लेशियल (जवळजवळ बिनपाण्याचे) ॲसिटिक आम्ल १७ मोलरहून अधिक संहत असूनही सौम्य आम्ल आहे, त्याच्या ०.१ मोलर द्रावणात शंभरातला जेमतेम एखादा रेणू फुटलेला असतो. वर्तमानपत्रांत ‘तीव्र ॲसिड’ असे वाचले की लिहिणाऱ्याला बहुधा ‘संहत’ म्हणायचे असते. पाणी घालून आम्ल विरल होते, सौम्य होत नाही. तसे पाहता सौम्य या शब्दाने दिलासाही मिळू नये : ग्लेशियल ॲसिटिक आम्ल कातडी चांगलीच भाजते.

हे आम्ल ५० किंवा ९८ टक्के का मिळत नाही?

सल्फ्युरिक आम्ल ९८ टक्के मिळते, मग हे का नाही, हा प्रश्न रास्त आहे. कारण वर आलेच आहे : विरघळलेला पदार्थ वायू आहे. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला पाणी त्याला चाळिशीच्या आसपासच्या टक्क्यांपर्यंतच धरून ठेवू शकते, आणि ३७ टक्क्यांनाच तो बाहेर पडायला धडपडू लागतो. पावसाळ्याच्या दमट दिवसांत संहत आम्लाची बाटली उघडली की तोंडाशी पांढरा धूर तरंगतो. वायू स्वतः रंगहीन आहे. दिसतात ते हवेतील बाष्पाशी मिळून तयार झालेले आम्लाचे बारीक थेंब. कोरड्या हवेत हाच धूर कमी दिसतो, वायू मात्र तितकाच निघत असतो.

उकळल्यावरही हे आम्ल मोठे मनोवेधक वागते. संहत आम्ल उकळले तर सुरुवातीला वायू अधिक निघून जातो आणि संहती उतरते. विरल आम्ल उकळले तर पाणी अधिक निघून जाते आणि संहती चढते. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन थांबतात : सुमारे २०.२ टक्के, उत्कलनबिंदू १०८.६ अंश सेल्सिअस. त्यानंतर वाफेत आणि द्रवात प्रमाण सारखेच राहते. या प्रमाणावर वातावरणाच्या दाबाचा थोडाच परिणाम होतो आणि तोही ठाऊक आहे, म्हणून हे ऊर्ध्वपातित आम्ल थेट प्रमाण द्रावण (ज्याची संहती नेमकी ठाऊक आहे असे द्रावण) म्हणून वापरता येईल, हे ह्यूलेट आणि बॉनर यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले. ही संहती साधारण ६ मोलर भरते.

०.१ नॉर्मल द्रावण कसे तयार करावे?

३५ टक्क्यांचे आम्ल ११.३ नॉर्मल धरले तर एक लिटरसाठी ०.१ गुणिले १,००० भागिले ११.३, म्हणजे सुमारे ८.८ मिलिलिटर आम्ल लागेल. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये आधी निम्म्याहून अधिक ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, त्यात आम्ल हळूहळू ओतावे, हलवावे, द्रावण खोलीच्या तापमानाला आले की खुणेपर्यंत पाणी भरावे आणि झाकण लावून फ्लास्क अनेकदा उलटासुलटा करावा. हे शेवटचे हलवणे घाईत राहून जाते आणि मग एकाच फ्लास्कमधून घेतलेली पहिली व शेवटची वाचने जुळत नाहीत.

आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात नव्हे. सल्फ्युरिक आम्लाइतका भडका येथे उडत नसला तरी उष्णता निघते आणि तिच्यामुळे वायू झपाट्याने बाहेर फेकला जातो. काम धूरपेटीत किंवा मोकळ्या हवेच्या खिडकीशी करावे, आणि आम्ल मोजपात्राने घ्यावे. तोंडाने पिपेट ओढण्याचा विचारही करू नये. ८.८ मिलिलिटरच्या जागी ८.७ किंवा ८.९ झाले म्हणून जीव खालीवर करू नये. लेबलवरचे ३५ टक्के हाच मुळात अंदाजी आकडा आहे, त्यामुळे आम्ल अतिसूक्ष्म मोजण्यात अर्थ नाही. खरी संहती पुढे अनुमापनाने ठरवायची आहे.

ती खरी संहती कशी ठरवतात?

ज्याचे वजन विश्वासाने करता येते अशा शुद्ध आम्लारिधर्मी पदार्थाशी तुलना करून. त्यासाठी निर्जल सोडियम कार्बोनेट सर्वांत प्रचलित आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून २७० अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर तापवून शोषकपात्रात (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करावे लागते. १.३२५ ग्रॅम सोडियम कार्बोनेट २५० मिलिलिटर पाण्यात विरघळवले की नेमके ०.१ नॉर्मल द्रावण होते. त्यातील २५ मिलिलिटर शंक्वाकृती चंबूत घ्यावे, मिथिल ऑरेंज या दर्शकाचे दोन थेंब टाकावे आणि ब्युरेटमधून आम्ल सोडावे.

अंतिम बिंदू ओळखणे ही हाताची आणि डोळ्याची गोष्ट आहे. पिवळ्या द्रावणात आम्लाचा थेंब पडतो तिथे क्षणभर लालसर वलय उमटते आणि हलवताच विरते. ते वलय विरायला वेळ लागू लागला की चंबूच्या आतल्या बाजू धुऊन घ्याव्या आणि थेंबाथेंबाने जावे. पिवळा जाऊन नारिंगी छटा टिकली की थांबावे. गुलाबी दिसला म्हणजे आपण पुढे निघून गेलो. चंबूखाली पांढरी फरशी किंवा कोरा कागद ठेवला की ही छटा स्पष्ट कळते. अधिक काटेकोर काम असेल तर शेवटाकडे द्रावण उकळून कार्बन डायऑक्साइड घालवावा आणि थंड झाल्यावर अनुमापन पुरे करावे.

समजा आम्ल २४.६ मिलिलिटर लागले. २५ गुणिले ०.१ भागिले २४.६ म्हणजे ०.१०१६ नॉर्मल. हाच आकडा बाटलीवर लिहायचा. तो बरोबर ०.१०००वर आणण्यासाठी पाणी घालत बसण्यापेक्षा आहे तो आकडा गणितात वापरणे केव्हाही चांगले.

दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलीन वापरले तर मात्र गुलाबी रंग निम्म्या आम्लालाच उडतो, कारण तेथे कार्बोनेटचे बायकार्बोनेट झालेले असते. परीक्षेत ‘उत्तर दुप्पट आले’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची चूक पुष्कळदा हीच असते. सोडियम कार्बोनेटऐवजी बोरॅक्सही चालतो. तो तापवू मात्र नये, कारण त्याच्या स्फटिकातील पाणी निघून जाते आणि वजनाचा हिशेब बिघडतो. कॉस्टिक सोड्याचे वजन करून त्यावर विसंबणे चुकीचे आहे, कारण तो तराजूवर असतानाच ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड खेचून घेत असतो.

‘१:१ आम्ल’ किंवा ‘१:४ आम्ल’ म्हणजे काय?

१:१ म्हणजे एक भाग संहत आम्ल आणि एक भाग पाणी, दोन्ही आकारमानाने. ३५ टक्क्यांच्या आम्लापासून केल्यास साधारण ५.७ नॉर्मल. येथे गोंधळ होत नाही. १:४ मध्ये होतो : कोणी एक भाग आम्लात चार भाग पाणी समजतो, कोणी एकूण चार भागांत एक भाग आम्ल. पहिल्या अर्थाने संहती सुमारे २.३ नॉर्मल येते, दुसऱ्या अर्थाने २.८. आपल्या प्रयोगवहीत ‘एक भाग आम्ल अधिक चार भाग पाणी’ असे शब्दांत लिहावे.

सामू मोजून संहती कळेल का?

ढोबळ अंदाज येईल, मोजमाप होणार नाही. सामू ही संकल्पना सोरेनसन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०९ मध्ये मांडली. ती लॉगॅरिदमवर आधारलेली असल्याने संहती दहापट बदलते तेव्हा सामू जेमतेम एकाने बदलतो, आणि म्हणून सामूमापकातील ०.०५ ची चूक संहतीत सुमारे १२ टक्क्यांची चूक होऊन बसते. अनुमापनात हजारातल्या दोन-तीन भागांपर्यंत जाता येते.

दुसरे असे की ०.१ मोलर आम्लाचा सामू पाठ्यपुस्तकाप्रमाणे १ असायला हवा, पण प्रत्यक्षात तो १.१ च्या जवळ दिसतो. आयन एकमेकांना ओढत असल्यामुळे त्यांची प्रभावी संहती प्रत्यक्ष संहतीच्या सुमारे ८० टक्केच भरते. फार संहत आम्लात हेच उलट होते आणि प्रभावी आम्लता संहतीपेक्षा कितीतरी पुढे जाते. तेथे सामू शून्याच्या खाली उतरतो, आणि नेहमीचा काचेचा इलेक्ट्रोड तेथे भरवशाचा राहत नाही.

दुसऱ्या टोकाचा एक आवडता प्रश्न : एक लिटरमध्ये एका मोलचा दहा कोटीवा भाग एवढेच आम्ल असेल तर सामू ८ येईल का? आम्ल घालून पाणी अल्कधर्मी कसे होईल? पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन तेथे आम्लाच्या दसपट असतात. तेही हिशेबात घेतले की उत्तर ६.९८ येते.

कारखान्यात ‘२० बॉमे’, ‘३२ ट्वॅडल’ असे म्हणतात. त्याचे टक्के किती?

ही दोन्ही घनतेची मापे आहेत. द्रावणात हायड्रोमीटर (घनतेप्रमाणे कमीअधिक बुडणारी, खुणा केलेली तरंगती नळी) सोडून वाचतात. २० अंश बॉमे म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.१६० आणि आम्ल सुमारे ३१.५ टक्के, २२ अंश बॉमे म्हणजे १.१७९ आणि सुमारे ३५ टक्के. ट्वॅडलचे गणित त्याहून सोपे आहे : विशिष्ट गुरुत्वातून १ वजा करून २०० ने गुणावे. १.१६० चे ३२ ट्वॅडल होतात. आणि येथे निसर्गाने आपल्यावर मेहरबानी केली आहे, कारण हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाबतीत ट्वॅडलचा अंश आणि वजनी टक्के जवळजवळ एकच पडतात. घनता १.०५ असेल तर १० टक्के, १.१० असेल तर २० टक्के, १.१५ असेल तर ३० टक्के; कोष्टक हाताशी नसले तरी काम भागते. इतर आम्लांना हा नियम लावू नये.

दोन गोष्टी सांभाळाव्या. ही कोष्टके बहुधा १५ अंश सेल्सिअसच्या आसपासची असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तापलेल्या आम्लात हायड्रोमीटर खोल बुडतो आणि चांगले आम्लही कमी भरते. शिवाय हायड्रोमीटरवर भरवसा ताज्या आम्लापुरताच ठेवावा. गॅल्व्हनायझिंगच्या (लोखंडावर जस्ताचा थर देण्याच्या) आधी लोखंडाचा गंज काढणाऱ्या टाकीत आम्ल संपत जाते आणि त्याच्या जागी लोहाचे क्लोराईड साठते. आम्ल उतरलेले असते, घनता मात्र वाढलेली असते. अशा टाकीची संहती अनुमापनानेच काढावी.

घरच्या शौचालय स्वच्छकात किती आम्ल असते?

आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक द्रव स्वच्छकांच्या बाटलीवर १० टक्क्यांच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, म्हणजे जवळजवळ २.९ मोलर. हा आकडा लहान नाही. असे एक लिटर आम्ल सुमारे १४४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवू शकते. शहाबादी फरशी चुनखडकाचीच असते, आणि तिच्यावर आम्ल सांडताच जो फेस उठतो तो फरशीचाच गेलेला भाग आहे. पाणी घालून वापरले की झीज सावकाश होते, पण आम्ल तेवढेच असेल आणि ते धुऊन न टाकता राहू दिले तर एकूण झीज तेवढीच होते. संहतीवरून वेग कळतो. किती विरघळणार ते एकूण प्रमाणावरून कळते.

हे स्वच्छक ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइटच्या द्रावणात कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. बिनलेबलच्या बाटलीतून सुटे ॲसिड घेणेही टाळावे, कारण त्याची संहती विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार सुट्या विक्रीसाठी खरेदीदाराचे ओळखपत्र पाहणे आणि नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री करण्यास मनाई झाली.

जठरातही हेच आम्ल असते, ते किती संहत?

विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये जठररसातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्लच असल्याचे दाखवले. जठराच्या पेशी ते सुमारे ०.१६ मोलर संहतीने स्रवतात. पुढे अन्न आणि इतर स्राव मिसळून ते विरल होते.

ठेवून दिले तर संहती बदलते का?

संहत आम्लाची बदलते. प्रत्येक वेळी झाकण उघडताना थोडा वायू निघून जातो, आणि सैल झाकणाची जुनी बाटली लेबलपेक्षा कमी भरते. जवळच अमोनियाची बाटली ठेवली असेल तर दोन्हींच्या गळ्यांवर आणि शेजारच्या काचसामानावर पांढरी पूड बसते. ती अमोनियम क्लोराईडची असते आणि झाकणातून वायू गळत असल्याचा तो पुरावा असतो. ०.१ नॉर्मल द्रावण घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत महिनोन्महिने टिकते, पण बाटलीच्या वरच्या भागात आतून पाण्याचे थेंब जमतात, म्हणून वापरण्यापूर्वी ती हलवून घ्यावी. उन्हाळ्यात संहत आम्लाची बाटली उघडण्यापूर्वी थंड होऊ द्यावी.

अंगावर किंवा ओट्यावर सांडले तर?

अंगावर उडाल्यास कपडे काढून वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धुवावे. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. कातडीवर सोडा चोळू नये. ओट्यावर किंवा जमिनीवर सांडल्यास मात्र खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा टाकून फेस थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मग भरपूर पाण्याने धुवावे.

तयार केलेल्या द्रावणाच्या बाटलीवर काय लिहावे?

आम्लाचे पूर्ण नाव, अनुमापनाने मिळालेली संहती चार दशांशांपर्यंत, एककासह, कोणत्या पदार्थाशी आणि कोणत्या दर्शकाने ती ठरवली, तारीख, आणि तयार करणाऱ्याचे नाव. टक्के लिहायचे असतील तर ‘वजनी’ हा शब्द लिहावा. लेबल बाटलीच्या अशा बाजूला चिकटवावे की ओतताना ते तळहाताकडे राहील, म्हणजे ओघळलेला थेंब त्यावरून जाऊन अक्षरे पुसणार नाहीत.